मागच्या स्प्रिंगचा हिशेब



वाङ्मय मंडळाच्या ई-अंकात कविता असतात, कथा असतात, पुस्तकांची ओळख असते. त्यात गाडीच्या स्प्रिंगवर लेख कशाला, असं तुम्हाला वाटणार. संपादकांनाही आधी तसंच वाटलं होतं. पण "तुमच्या भागातलं, तुम्हाला नीट माहीत असलेलं काहीतरी लिहा" असं आवाहन त्यांनीच केलं होतं. मी गुलबर्ग्याचा, म्हणजे २०१४ पासून सरकारी कागदावर कलबुर्गीचा. आमच्याकडं घरात मराठी, बाजारात कन्नड आणि गॅरेजमध्ये दखनी चालते. आजचा विषय त्या तिसऱ्या भाषेतून माझ्यापर्यंत आला आहे.

विषय असा: फोर बाय फोर गाडीच्या मागच्या चाकांवर जास्त कडक कॉइल स्प्रिंग बसवून गाडी उंच करणे. बोलताना आम्ही 'गाडी उचलून घेणे' म्हणतो. हा प्रकार हल्ली तरुण मंडळींत फार लोकप्रिय आहे. गाडी घेतली की पहिला प्रश्न, "किती इंच उचलायची?" मला वाटतं हा प्रश्नच उलटा आहे. आधी विचारायला हवं, "गाडीत मागे कायम किती वजन असतं?" या दोन प्रश्नांमधला फरक समजावून सांगणं, एवढंच या लेखाचं काम.

काळ्या मातीचा रस्ता

आमच्या भागात उंच गाडीची हौस का आहे, ते आधी सांगतो. बिदर आणि कलबुर्गी जिल्ह्यांत काळी कापसाची माती खूप. उन्हाळ्यात ती सुकून भेगाळते, पावसात पाणी पिऊन फुगते. अशा मातीवर बांधलेला रस्ता काही पावसाळ्यांतच लाटांसारखा होतो. शेतात जाणाऱ्या कच्च्या वाटेचं तर विचारूच नका. ट्रॅक्टरच्या चाकांनी दोन खोल चाकोऱ्या पडतात आणि मधे उंच वरंबा उरतो.

या वाटांवरून काय काय जातं? तूर जाते. कलबुर्गीच्या तुरीला २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळालं, हे तुम्ही वाचलं असेल. खतांची पोती जातात. डीएपीचं एक पोतं पन्नास किलोचं, म्हणजे सहा पोती झाली की तीनशे किलो. शहाबादी फरशी जाते. ज्या शहाबादच्या नावावरून ती फरशी ओळखली जाते, ते शहाबाद आमच्याच जिल्ह्यात आहे. एक इंच जाडीची चौरस फूटभर फरशी साधारण सहा किलो भरते. पन्नास चौरस फूट फरशी गाडीत टाकली की पुन्हा तीनशे किलो. म्हणजे गाडीचं मागचं अंग खाली बसणं ही इथं रोजची गोष्ट आहे. लोकांना ती उचलावीशी वाटते, ती नुसत्या ऐटीसाठी नव्हे.

कमान आणि कॉइल

आता थोडं शब्दांविषयी, कारण शेवटी आपण वाङ्मय मंडळ आहोत. जुन्या जीपला मागे-पुढे पोलादी पट्ट्यांचा जुडगा असायचा. त्याला कुणी 'पाटे' म्हणतं, आमच्या गॅरेजमध्ये 'कमान' किंवा 'कमानी' म्हणतात. मूळ फारसी शब्द कमान, म्हणजे धनुष्य. मराठीत दरवाज्याची कमान झाली, कन्नडमध्येही 'कमानु' झाला. गुलबर्ग्याच्या किल्ल्यात १३६७ सालची जामा मशीद आहे. तिला उघडं अंगण नाही, सगळी इमारत छताखाली आहे आणि ते छत कमानींच्या रांगांवर उभं आहे. तिथली कमान वजन घेते पण हलत नाही. गाडीची कमान वजन घेते आणि वाकते. नाव एक, स्वभाव वेगळे.

१९४७ मध्ये महिंद्राने मुंबईत विलीज जीप जोडायला सुरुवात केली. तेव्हापासून कितीतरी वर्षं आपल्याकडं फोर बाय फोर म्हणजे पाट्यांची गाडी, हेच समीकरण होतं. २०१० सालच्या थारलाही मागे पाटेच होते. तिकडं इंग्लंडमध्ये मात्र १९७० च्या रेंज रोव्हरने चारही चाकांवर कॉइल स्प्रिंग आणली होती आणि खडबडीत रस्त्याची गाडीसुद्धा अंगाला सुखाची असू शकते हे दाखवलं होतं. २०२० च्या नव्या थारला मागे कॉइल आली. २०२३ मध्ये आलेल्या जिम्नीला तर पुढे-मागे दोन्हीकडं आहे.

हा बदल समजून घ्यायला हवा. पाट्याच्या गाडीत वजन वाढलं की मेस्त्री एक पाटा वाढवून द्यायचा. कॉइलमध्ये असा अर्धामुर्धा उपाय नाही. अख्खी स्प्रिंग बदलावी लागते. म्हणून निवड विचारपूर्वक करायची.

चौदा अक्षरांचा नियम

स्प्रिंगचा मूळ नियम रॉबर्ट हूक या इंग्रज शास्त्रज्ञाचा. त्याची गंमत अशी की १६७६ साली त्याने हा नियम उघड सांगितलाच नाही. लॅटिन वाक्यातली चौदा अक्षरं वर्णानुक्रमाने मांडून छापली. शोध आपला आहे हा हक्क राहावा, पण दुसऱ्याला कळू नये! १६७८ मध्ये त्याने कोडं उलगडलं. अर्थ इतकाच: जितका ताण तितकं बळ. स्प्रिंग एक सेंटिमीटर दाबायला जेवढं वजन लागतं, दोन सेंटिमीटर दाबायला त्याच्या दुप्पट लागतं.

एक मिलिमीटर दाबायला किती किलो लागतात, हा स्प्रिंगचा 'कडकपणा'. तो तीन गोष्टींवर ठरतो: तारेची जाडी, वेटोळ्याचा व्यास आणि मोकळ्या वेटोळ्यांची संख्या. यात तारेची जाडी सगळ्यांत जबर. कडकपणा जाडीच्या चौथ्या घाताने वाढतो. तार १४ मिलिमीटरऐवजी १५ मिलिमीटरची घेतली, बाकी सगळं तसंच ठेवलं, तर कडकपणा सुमारे ३२ टक्क्यांनी वाढतो. एका मिलिमीटरने! डोळ्यांना फरक कळणारही नाही, पण पाठीला कळेल.

'चांगलं पोलाद वापरलंय म्हणून स्प्रिंग कडक आहे' असं दुकानदार सांगतात. हे खरं नाही. स्प्रिंगच्या सगळ्या पोलादांचा ताठपणा जवळजवळ सारखाच असतो. चांगल्या पोलादाने स्प्रिंग जास्त दिवस टिकते, लवकर बसत नाही. कडकपणा येतो आकारातून.

आणखी एक. काही जण स्प्रिंगचं एखादं वेटोळं कापून टाकतात. त्याने स्प्रिंग आखूड होते, म्हणजे गाडी खाली येते, आणि वेटोळी कमी झाल्यामुळं उरलेली स्प्रिंग उलट जास्त कडक होते. उंचीही गेली, मऊपणाही गेला. हे कधीच करू नये. कापलेलं टोक आपल्या बैठकीत नीट बसत नाही, ते वेगळंच.

आता आकडेमोड

घाबरू नका, भागाकारापलीकडं काही नाही. आकडे हिशेबापुरते घेतले आहेत. प्रत्येक गाडीचे वेगळे असतात.

समजा, मागच्या एका स्प्रिंगवर रिकाम्या गाडीचं ४५० किलो वजन येतं. स्प्रिंगची मोकळी लांबी ३८० मिलिमीटर. मूळ स्प्रिंगचा कडकपणा मिलिमीटरला साडेतीन किलो. मग ती किती दबेल? ४५० भागिले साडेतीन, म्हणजे सुमारे १२९ मिलिमीटर. उरली २५१. ही झाली गाडीची रिकामी उंची.

आता मागे तीनशे किलो टाका. वजन बरोबर मागच्या धुऱ्यावर आहे असं धरू, म्हणजे प्रत्येक स्प्रिंगवर दीडशे वाढले. ६०० भागिले साडेतीन, म्हणजे १७१. उरली २०९. गाडी ४२ मिलिमीटर बसली.

आता तितक्याच लांबीची पण साडेचार किलोची कडक स्प्रिंग घाला. रिकाम्या गाडीत ती १०० मिलिमीटर दबेल, उरेल २८०. म्हणजे गाडी २९ मिलिमीटर, सव्वा इंचाच्या आसपास, उचलली गेली. भरलेल्या गाडीत ती १३३ दबेल, उरेल २४७.

हे दोन आकडे शेजारी ठेवा. मूळ स्प्रिंगवर रिकामी गाडी २५१. कडक स्प्रिंगवर भरलेली गाडी २४७. जवळजवळ एकच. कडक स्प्रिंग खरं तर हेच काम करते: भरलेल्या गाडीला रिकाम्या गाडीची उंची परत देते.

हेच अंगाला लागणाऱ्या झोक्यांचंही आहे. स्प्रिंगवर बसलेली गाडी एका ठरावीक तालात वर-खाली होते. हा ताल स्प्रिंग किती दबली आहे त्यावरून काढता येतो. आपल्या उदाहरणात मूळ स्प्रिंगवर रिकामी गाडी मिनिटाला सुमारे ८३ झोके घेते. भरली की ७२. कडक स्प्रिंगवर भरलेली गाडी ८२. पुन्हा तोच मूळ ताल! पण कडक स्प्रिंगवर रिकामी गाडी? ९५. हा वाढलेला ताल म्हणजे मागच्या सीटवर बसलेल्याच्या कमरेला बसणारे दणके.

म्हणून म्हणतो, कडक स्प्रिंग ही उंचीसाठी नसते, ती वजनासाठी असते. उंची हा तिचा जोडधंदा. वजन कायम असेल तर ती गाडी सुधारते. वजन नसेल तर ती फक्त कडक असते.

उंचीच हवी असेल तर दुसरी वाट आहे: कडकपणा तोच ठेवून स्प्रिंग थोडी लांब घ्यायची. गाडी उचलली जाते, ताल बदलत नाही. पण धुरा खाली लोंबायला जागा तेवढी कमी उरते. फुकट काहीच मिळत नाही.

आमच्या काकांची गाडी

माझे काका आळंद तालुक्यात राहतात. त्यांच्याकडं एक जुनी फोर बाय फोर आहे, मागे कॉइलवाली. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण दोष गाडीचा नव्हता. इतक्या वर्षांत मागची बाजू खाली बसली होती. गॅरेजमध्ये उस्तादांनी एक नजर टाकली आणि निकाल दिला, "पीछे से बैठ गई साब. स्प्रिंग नरम पड गई. सख्त डालो, दो इंच उठ जाती."

काकांना दोन इंच एकदम पटले. मला म्हणाले, "उचलूनच घेऊ की. शेजारच्यांची बघ कशी ऐटीत उभी असते."

पण या गाडीची दोन कामं आहेत. पेरणीच्या दिवसांत आणि तुरीच्या राशी झाल्यावर पोती वाहणं हे एक. वर्षाकाठी धरून चाला वीस दिवस. दुसरं काम आजीचं. आजीचं डायलिसिस चालू आहे, आठवड्यातून दोनदा कलबुर्गीला न्यावं लागतं. वर्षाच्या शंभराहून जास्त खेपा. जाताना ती दमलेली, येताना त्याहून दमलेली, आणि मागच्या सीटवर आडवी. त्या वेळी गाडीत पोतं एकही नसतं.

आता वरचा हिशेब लावा. वीस दिवस गाडी ८२ च्या तालावर चालणार आणि शंभर खेपा ९५ च्या. त्या शंभर खेपा कोण सोसणार? आजी. मी काकांना म्हटलं, "काका, स्प्रिंग पोत्यांसाठी घ्यायची की आजीसाठी, ते आधी ठरवा." ते काही बोलले नाहीत. आजी मात्र आतून म्हणाली, "माझ्यापायी गाडीचं काही अडवू नका रे. फक्त खड्डा आला की आधी सांगत जा."

मग आम्ही टेप घेऊन बसलो. गाडी सपाट जागी उभी केली, चाकाच्या मध्यापासून वरच्या मडगार्डच्या कडेपर्यंत चारही ठिकाणी मोजलं. मूळ मापापेक्षा मागची एक बाजू २५ मिलिमीटर आणि दुसरी ३० मिलिमीटर खाली होती.

इथं सगळ्यांत महत्त्वाचा मुद्दा येतो. बसलेली स्प्रिंग 'नरम' झालेली नसते. तारेची जाडी तीच, वेटोळी तेवढीच, पोलाद तेच. मग कडकपणाही जवळजवळ तोच राहतो. वर्षानुवर्षं ओझं सोसून ती कायमची आखूड झालेली असते, एवढंच. म्हणजे आजार वेगळा आणि औषध वेगळं. आखूड झालेल्या स्प्रिंगला औषध म्हणजे मूळ मापाची नवी स्प्रिंग. त्याने काकांना आपोआप इंचभर उंची परत मिळाली, आणि ताल तोच राहिला.

पोत्यांच्या वीस दिवसांसाठी वेगळा उपाय आहे. कॉइलच्या पोकळीत बसणारी हवेची नळकांडी मिळतात. वजन असेल तेव्हा हवा भरायची, नसेल तेव्हा कंपनीने सांगितलेल्या किमान दाबावर ठेवायची. काका सध्या त्याची चौकशी करताहेत. तोवर पोती दोन खेपांत नेतात.

आमच्याच गल्लीत एकांनी दुसऱ्या एका गॅरेजमधून कडक स्प्रिंग बसवून घेतली होती, शॉकअप जुनेच ठेवून. रिकामी गाडी स्पीडब्रेकरवरून उतरली की मागून तीन-तीनदा उसळायची. कारण सोपं आहे. स्प्रिंग धक्का साठवते आणि परत देते. तो धक्का जिरवण्याचं काम शॉकअपचं. त्यातलं तेल बारीक छिद्रांतून ढकललं जातं आणि धक्क्याची उष्णता होते. स्प्रिंग जास्त जोराने परत ढकलू लागली, तर शॉकअपही त्या जोडीचाच हवा.

उंचीने काय मिळत नाही

चाकोरीत गाडीचं काय अडकतं? मागच्या धुऱ्याच्या मधला डिफरन्शियलचा गोळा. धुरा अखंड असेल तर तो गोळा चाकांबरोबर असतो, बॉडीबरोबर नाही. स्प्रिंग कितीही उंच घाला, गोळा जमिनीपासून होता तेवढाच राहतो. तो उचलायचा तर मोठा टायर हवा. स्प्रिंगने उचलली जाते बॉडी, मागचा बंपर, टोइंगचा हूक. ओढ्याच्या काठावरून चढताना मागचा बंपर घासत असेल तर उंचीचा उपयोग आहे. वरंब्यावर गोळा घासत असेल तर नाही.

पाण्याचंही तसंच. २०२० च्या ऑक्टोबरमध्ये भीमेला मोठा पूर आला, अफझलपूर-जेवर्गीकडची गावं पाण्यात गेली. त्यानंतर 'गाडी उंच पाहिजे' ही भाषा वाढली. पण इंजिन हवा घेतं ते पुढून. मागे इंचभर उचलून पाण्यातली क्षमता वाढत नाही. नव्या थारची पाण्यातली मर्यादा कंपनीने ६५० मिलिमीटर दिली आहे. ती मर्यादा गाडीच्या सगळ्या रचनेतून येते, एका स्प्रिंगमधून नाही. आणि वाहत्या पाण्यात तर हा आकडाही कामाचा नाही.

वजनाचंही एक सांगायला हवं. कडक स्प्रिंगने गाडीची मंजूर भारक्षमता वाढत नाही. ब्रेक, टायर, धुरा, बेअरिंग सगळं जुनंच असतं. गाडी बसलेली दिसत नाही म्हणून जास्त भरावंसं वाटतं, हा कडक स्प्रिंगचा छुपा धोका.

दिवे आणि ब्रेक

फक्त मागची बाजू उचलली की गाडी नाकावर झुकते. चाकांमधलं अंतर २,७०० मिलिमीटर धरलं आणि मागे ३० मिलिमीटर उचललं, तर झुकाव जेमतेम अर्ध्या अंशाहून थोडा जास्त. ऐकायला काहीच नाही. पण हेडलाइट बघा. दिवा जमिनीपासून ९० सेंटिमीटरवर आहे आणि डिपर दर शंभर मीटरला एक मीटर खाली उतरेल असा लावला आहे, तर त्याचा उजेड ९० मीटरवर जमिनीला टेकतो. गाडी झुकल्यावर तोच उजेड ४३ मीटरवर टेकेल. रात्री आळंदच्या रस्त्यावर बिनलाइटची बैलगाडी किंवा ट्रॉली पुढं असली, तर या फरकाची किंमत कळते. दिवे परत लावून घेतले की काम भागतं, पण ते कुणी लक्षात ठेवत नाही.

उलट बाजूही खरी आहे. मऊ स्प्रिंगवर जास्त भरलेली गाडी मागे बसते, दिवे आभाळाकडं बघतात आणि समोरून येणाऱ्याचे डोळे दिपतात. म्हणून ज्याची गाडी खरंच रोज भरलेली असते, त्याने योग्य कडक स्प्रिंग घालणं हे इतरांवरही उपकारच.

ब्रेकचं त्याहून गंभीर. बऱ्याच गाड्यांत मागच्या धुऱ्याला जोडलेला एक व्हॉल्व्ह असतो. बॉडी आणि धुरा यांतल्या अंतरावरून तो वजन ओळखतो. अंतर कमी म्हणजे गाडी भरलेली, मागच्या ब्रेकला जास्त दाब द्या. अंतर जास्त म्हणजे गाडी रिकामी, मागची चाकं जॅम होतील, दाब कमी करा. आता तुम्ही स्प्रिंगने ते अंतर वाढवलंत. गाडीत तीनशे किलो आहेत, पण व्हॉल्व्हला वाटतं गाडी रिकामी. तो मागचा ब्रेक हातचा राखून ठेवतो. हा व्हॉल्व्ह असेल तर गाडीच्या मॅन्युअलप्रमाणे तो पुन्हा लावून घेतल्याशिवाय गाडी रस्त्यावर काढू नये.

बसवताना

हे काम घरच्या अंगणात एकट्याने करायचं नाही. पण गॅरेजमध्ये उभं राहून काय बघायचं, ते माहीत असावं.

पुढच्या चाकांना अडण लावलेली असावी. गाडी नुसत्या जॅकवर नको, चासीखाली भक्कम स्टँड हवेत. धुऱ्याला वेगळ्या जॅकचा आधार देऊन मगच शॉकअपचे खालचे बोल्ट सोडायचे आणि धुरा हळूहळू खाली घ्यायचा. या वेळी ब्रेकचा रबरी पाइप आणि एबीएसची वायर ताणली जात नाही ना, याकडं एकाने डोळे लावून बसावं. धुरा पुरेसा खाली आला की वेगळी बसलेली स्प्रिंग मोकळी होऊन हाताने निघते. ज्या गाडीत शॉकअप स्प्रिंगच्या आतूनच जातो, तिथं स्प्रिंग दाबून धरणारं खास अवजार लागतं. दाबलेली स्प्रिंग सुटली तर हाड मोडते, तिथं जुगाड चालत नाही.

नवी स्प्रिंग बसवताना वरचं-खालचं रबर नवं घालावं. तारेचं टोक बैठकीतल्या खाचेला टेकलेलं हवं. काही गाड्यांत डाव्या-उजव्या स्प्रिंग वेगळ्या असतात, त्यांच्यावरची खूण तपासावी. धुरा पूर्ण लोंबला तरी स्प्रिंग बैठकीतून सुटत नाही, हेही बघून घ्यावं. आणि एक गोष्ट बरेच जण विसरतात: धुऱ्याच्या दांड्यांचे बूश असलेले बोल्ट शेवटचे आवळायचे ते गाडी जमिनीवर, स्वतःच्या वजनावर उभी असताना. हवेत आवळले तर गाडी खाली आल्यावर बूशचं रबर कायम पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं.

काम झालं की पुन्हा चारही ठिकाणी मोजायचं. काहीशे किलोमीटर गाडी चालली की स्प्रिंग थोडी बसते, तेव्हा परत मोजायचं. हे आकडे वहीत लिहून ठेवा. पुढच्या वेळी "बैठ गई साब" ऐकल्यावर आपल्याकडं उत्तर असेल.

कायदाही बघा

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे, नोंदणी प्रमाणपत्रातले तपशील कंपनीने मुळात ठरवलेल्या तपशिलांपेक्षा वेगळे होतील असा बदल मालकाला करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हे स्पष्ट केलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कायद्यात बसत नसलेल्या प्रत्येक बदलामागं पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही अशी शिक्षा आली. मूळ मापाची नवी स्प्रिंग ही दुरुस्ती आहे. उंची वाढवणारा संच ही वेगळी गोष्ट. तो घेण्याआधी आर.टी.ओ.ला आणि विमा कंपनीला लेखी विचारा. अपघातानंतर विचारण्यात अर्थ नाही.

निघण्याआधी पाच प्रश्न

लेख लांबला. तेव्हा गॅरेजला जाण्याआधी स्वतःला विचारायचे पाच प्रश्न सांगून थांबतो.

एक, गाडीत मागे कायम किती किलो असतात? कधीतरी नव्हे, कायम.

दोन, गाडी खरंच खाली बसली आहे का? टेपने मोजलं का?

तीन, जे घासतंय ते बॉडीचं आहे की धुऱ्याचं?

चार, नव्या स्प्रिंगबरोबर शॉकअप, दिवे आणि ब्रेकचा व्हॉल्व्ह यांचं काय करणार?

पाच, मागच्या सीटवर सगळ्यांत जास्त वेळा कोण बसतं?

पहिल्या चार प्रश्नांची उत्तरं उस्ताद देऊ शकतील. पाचवं उत्तर घरातच विचारावं लागेल. माझ्या मते सुरुवात त्याच्यापासून करावी.